दुसऱ्या ट्रकचं इंजिन

तिने जुन्या कॉम्प्युटरचा प्लग वायरिंगमध्ये हलकेच दाबला. डॅशबोर्डवरचे दिवे एकेक करून लागले.

"बघ," वडील म्हणाले, "कसा घरच्यासारखा बसला."

गॅरेजच्या छतावरच्या हिरवट पत्र्यातून दुपारचं ऊन झिरपत होतं आणि सगळी जागा तळ्याच्या तळाशी असल्यासारखी दिसत होती. त्या उजेडात वडिलांचा लांब नाकाचा ट्रक बॉनेट उघडं टाकून उभा होता. त्याचं मूळ इंजिन कायमचं गेलं होतं. आता आत बसवलेलं इंजिन अपघातात मोडलेल्या दुसऱ्या, जरा अलीकडच्या ट्रकचं होतं. त्याच्यासोबत त्याचा कॉम्प्युटरही आला होता. इंजिनाला डिझेल कधी आणि किती द्यायचं हे ठरवणारी, वीतभर लांबीची पेटी. ही पेटी लावायची की ट्रकची जुनीच ठेवायची, यावर बापलेकीचं घोडं अडलं होतं.

तिने सकाळीच सगळं समजावलं होतं. या इंजिनाचे इंजेक्टर वेगळे, सेन्सर वेगळे. जुनी पेटी भलत्या वेळी डिझेल सोडेल आणि पिस्टन जळतील. इंजिनाची स्वतःची पेटी लावायची तर केबिनच्या निम्म्या तारा उसवाव्या लागणार होत्या, पण दुसरा इलाज नव्हता. वडिलांनी मान डोलावली होती आणि पुन्हा जुनी पेटीच पुढे केली होती. ती आपल्यासोबत सगळे घाट चढली, असं ते म्हणत राहिले, म्हणून तिने ती नुसती जोडून दाखवली होती. त्यांना लवकरात लवकर रस्त्यावर परतायचं होतं. घरात त्यांचा जीव रमत नव्हता.

रस्ता तिलाही आठवत होता. लहानपणी ती केबिनच्या मागच्या बाकावर आईच्या कुशीत झोपायची. जाग आली की काचेतून झाडं वाहत जाताना दिसायची. ही कुठे चाललीत, असं ती विचारायची. आपल्याला पोचवायला, असं आई सांगायची आणि ती पुन्हा झोपी जायची.

वडिलांचा हात किल्लीकडे गेला. तिने त्यांचं मनगट धरलं.

"नको, बाबा. दिवे लागले म्हणजे जुळलं असं नाही."

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हात मागे घेऊन म्हणाले, "तुझ्या मनासारखं कर."

जुनी पेटी मांडीवर घेऊन ते कोपऱ्यातल्या टायरवर जाऊन बसले आणि सदऱ्याच्या टोकाने तिच्यावरची धूळ पुसू लागले.

पुढच्या कित्येक दुपारी ती डॅशबोर्डखाली उताणी पडून तारा उसवत आणि जोडत होती. वर सीटवर वडील पेंगत बसायचे. त्यांच्या संथ श्वासाखाली तिचेही डोळे जड व्हायचे. हातातली तार कोणत्या वर्षातली, हेच तिला क्षणभर कळेनासं व्हायचं.

अखेर शेवटची तार जोडून झाली. वडील म्हणाले, "तू बांधलंस, तूच सुरू कर." ते खाली उतरून उघड्या दाराशी उभे राहिले. ती सीटवर बसली. तिने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, अडखळलं आणि मग एका लयीत चालू लागलं. जुन्यापेक्षा खोल, मऊ आवाज होता. तिने सुटकेचा श्वास टाकून वडिलांकडे पाहिलं.

त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर खिळली होती. ते वाट बघत होते.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "फिरव किल्ली, मार सेल्फ."

इंजिन चालूच होतं. त्या सकाळी समजावलेलं त्यांच्या कानांपर्यंत किती पोचलं होतं, आणि त्याआधीच्या कितीतरी सकाळी बोललेलं किती, हे तिच्या हळूहळू ध्यानात येत गेलं.

ती खाली उतरली, त्यांना बॉनेटपाशी घेऊन गेली आणि त्यांचा तळवा थरथरत्या पत्र्यावर ठेवला.

वडिलांनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी हात काढून घेतला, ट्रकला वळसा घातला आणि पलीकडचं दार उघडून ते शेजारच्या सीटवर चढून बसले.

"क्लच हळू सोड," ते समोर बघत म्हणाले.