सात वेढ्यांची माळ

मित्रांनो, नमस्कार करू नका हो! पायाशी झेंडूची माळ दिसते म्हणून मी काही देव नव्हे. म्हैसूरजवळ, नंजनगूडच्या रुळांशेजारी जन्म काढलेला मी जुना सिग्नल. लोखंडी खांब आणि त्याला एकच लांब लाल हात.

माझं काम तसं सोपं. लांब केबिनमध्ये खटका ओढला की तार ताणायची, माझ्या खांबावरचं वजन उचललं जायचं आणि हात खाली झुकायचा. म्हणजे या, वाट मोकळी आहे. खटका सोडला की वजन धपकन खाली आणि हात आडवा. म्हणजे थांबा, पुढे गाडी उभी आहे. तार तुटली तरी वजन खालीच पडणार आणि हात आडवाच होणार. बिघडलो तरी 'थांब' सांगूनच बिघडायचो. याचा मला केवढा तोरा होता!

नागोजीराव माझे दिवेवाले, मंडी मोहल्ल्यातल्या रंगाऱ्यांच्या घरातले. वडील लुगडी रंगवायचे, हे माझ्या लाल-हिरव्या काचा पुसायचे. रोज शिडी चढून दिव्यात रॉकेल घालायचे आणि माझ्याशी घरच्यासारखं बोलायचे. एका वर्षी शिडीवरून घसरले आणि पाय मोडला. पुन्हा चालतील की नाही, डॉक्टरांनाही सांगता येईना. बायको वेदवती नवस बोलली, "चामुंडीआई, यांचा पाय धड कर. आयुधपूजेला यांच्या सिग्नलला सात वेढ्यांची माळ घालते."

आयुधपूजा म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा. त्या दिवशी घातलेली माळ दसरा होईतो उतरवायची नाही, अशी आमच्याकडची रीत. वेदवती नवऱ्याला जटक्यात, म्हणजे आमच्याकडच्या घोडागाडीत, घालून घेऊन आली. वाऱ्याने तुटू नये म्हणून बाईने झेंडू ओवले ते काथ्याच्या जाड दोरीत! नागोजीराव झाडाखाली बसून कोहळ्याला कुंकू लावत होते. गाडी यायची होती, म्हणून माझा हात झुकलेला आणि वजन उचललेलं. तिने नेमके त्या वजनालाच खांबाशी सात वेढे दिले आणि गाठ आवळली.

गाडी गेली. केबिनमध्ये खटका सुटला, तार सैल पडली. पण माझं वजन हलेना! पुढे स्टेशनात ती गाडी उभी आणि मी मात्र 'या, या' म्हणत होतो. जन्मात पहिल्यांदा मी खोटं बोलत होतो, मित्रांनो. इकडे नवरा-बायकोने कोयत्याने कोहळा कापला, आरती केली, डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात दुसरी शिट्टी ऐकू आली. दसऱ्याच्या माणसांनी खचाखच भरलेली गाडी येत होती.

नागोजीरावांनी वर पाहिलं. "अय्यो! हात पडलेलाच? वेदा, माळ तोड!"

"अहो, नवसाची आहे. तुमचा पाय..."

"पाय गेला चुलीत! गाडीत माणसं आहेत गं!"

ते उठायला गेले आणि कोसळले. वेदवतीने पूजेतला कोयता उचलला. एक घाव, दुसरा घाव. तिसऱ्याला दोरी तुटली, वजन आदळलं आणि माझा हात खाडकन आडवा झाला. किंचाळत, ठिणग्या उडवत गाडी माझ्या अगदी पुढ्यात थांबली.

वेदवती विखुरलेल्या झेंडूंत बसून हमसून रडली. "मीच मोडला हो नवस."

नागोजीराव सरपटत तिच्याजवळ गेले. "वेडी आहेस. आईला माळ मोठी, की गाडीतली तिची लेकरं?" मग त्यांनी झाल्या गोष्टीची खबर स्वतःच वर कळवली. पाय बरा झाला, थोडा लंगडा राहिला.

आता माझ्या जागी दिव्यांचे सिग्नल आले. रुळांतून वीज खेळते, गाडीची चाकं रुळावर आली की दिवा आपोआप लाल होतो. रूळ तुटून वीज खंडली तरी लालच. म्हणजे रीत माझीच की! मला स्टेशनाच्या बागेत उभं केलंय. बरीच वर्षं गंजत होतो, कुणी ढुंकून पाहत नव्हतं. नागोजीरावही गेले.

वेदवती मात्र दर आयुधपूजेला येते, पाठीत वाकलेली. माझ्या वजनाला तेल देऊन ते एकदा वर उचलते आणि सोडते. हात आडवा झाला की मान डोलावते आणि माळ पायाशी नुसती ठेवते, बांधत नाही. मित्रांनो, तुम्हीही जीव लावा, पण असाच.