यादीत नसलेली थैली

मैनाबाईनं दप्तर बाकावर उपडं केलं आणि आतल्या खोळी एकेक करून ओळीनं मांडायला घेतल्या. चष्म्याची, कंपासची, पाण्याच्या बाटलीची, डब्याची, कंगवा-रबरांची आणि खोकल्याच्या औषधाची. सहाच्या सहा हिरव्या काठाच्या. तिनं स्वतः शिवून पाठवलेल्या लाल काठाच्या सहा खोळी तळाशी होत्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, घडी घातलेल्या. उसनं आणलेलं पातेलं घासूनपुसून परत करावं तशा त्या परत आल्या होत्या.

"इस्तरी कावून केली?" तिनं विचारलं.

"चुरगळल्या होत्या," पार्बताबाई वहीतून मान वर न काढता म्हणाली. "आमच्या घरी चुरगळलेलं कोनी वापरत नाई."

"कापड नवं होतं. चुरगळलं तं तुमच्याच घरी चुरगळलं."

"नवं होतं? मले तं वाटलं उरल्यासुरल्या तुकड्याचं हाये."

मैनाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बाकाच्या टोकाला दोघींची नात आचल उभी होती आणि तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही, असं वकिलानं बजावून ठेवलं होतं. आवाज चढवायचा नाही एवढंच तो म्हणाला होता. डोळे वटारायला त्यानं बंदी घातली नव्हती, म्हणून तेवढे तिनं वटारून घेतले.

मूर्तिजापूर स्टेशनच्या या कडेच्या फलाटावर त्या दर पंधरा दिवसांनी भेटत. शकुंतला ही छोट्या रुळांची गाडी बंद पडल्यापासून इकडं कुणी फिरकत नसे. रुळांत गवत माजलं होतं, त्यात शेळ्या चरत आणि बाक मोकळा मिळे. अकोल्याहून मैनाबाई यायची, अमरावतीहून पार्बताबाई. मैनाबाईची लेक पौर्णिमा आणि पार्बताबाईचा मुलगा गजेंद्र यांना वेगळं होऊन दोन वर्षं झाली होती आणि दोघांना एकमेकांचं तोंड पाहायचं नव्हतं. पोरगी आईकडं राहील, एकाआड एक शनिवार-रविवार बापाकडं जाईल, असं कोर्टानं ठरवून दिलं होतं. न्यायची-आणायची कुणी, ते काही कोर्टानं सांगितलं नव्हतं. शेवटी हे काम दोन्हीकडच्या आज्यांच्या गळ्यात पडलं. एके काळी या दोघी एकमेकींना विहीणबाई म्हणत. आता नुसतं 'तुमी' उरलं होतं, तेही चिमट्यात धरून दिल्यासारखं.

खोळींचं प्रकरण मैनाबाईनंच सुरू केलं. मागच्या वर्षी आचलचा स्वेटर अमरावतीत राहिला, तेव्हा 'तो आमीच घेतला होता' असं पार्बताबाई म्हणाली. त्यावरून दोन वकिलांची पत्रं झाली. मग वही आली. जाताना-येताना प्रत्येक वस्तूची नोंद आणि खाली दोघींच्या सह्या. पण वहीनं मैनाबाईचं समाधान होईना. अकोल्यात जठारपेठेतल्या घरी तिची मशीन होती. शाळेच्या पोरांच्या डब्याच्या थैल्या, बाटलीची कव्हरं, कंपासचे पाऊच शिवून ती एका दुकानाला द्यायची. तिनं आचलच्या प्रत्येक वस्तूला अस्तराची खोळ शिवली, चेन लावली आणि काठाला लाल पायपिंग फिरवलं. लाल दिसलं की समजायचं, अकोल्याचं. पुढच्याच खेपेला सगळ्या वस्तू हिरव्या काठात आल्या. तेव्हापासून दर खेपेला शनिवारी तिकडं लाल काढून हिरवं आणि रविवारी इकडं हिरवं काढून लाल.

पार्बताबाईकडं मशीन नव्हती. ती हातानं शिवायची. पहिल्यांदा त्या हिरव्या खोळी हाती आल्या, तेव्हा मैनाबाईनं खोड काढायला म्हणून एक उसवून पाहिली होती. उसवता उसवेना. तांदळाच्या दाण्याएवढा बखया, टाक्याला टाका लागून, शेवटी दुहेरी गाठ आणि गाठीचं शेपूट अस्तराच्या आत दडवलेलं. ब्लेड मोडलं, बोट कापलं, तरी निम्मीच उसवली. शत्रूचं काम चांगलं निघण्याइतका दुसरा ताप नाही. तो टाका आता तिनं झोपेतही ओळखला असता.

आणि पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख होती. या वेळी न्यायाधीश साहेब आचललाच आत एकटीला बोलावून विचारणार होते, बाळ, तुला कुठं राहायचंय? नऊ वर्षांची पोर काय सांगणार, आणि काय सांगेल याचीच मैनाबाईला धास्ती होती. तिकडं मोठं घर, सायकल, चुलत भावंडं. इकडं दोन खोल्या आणि मशीनची खडखड. 'त्यांचा काही हलगर्जीपणा दिसला तर लगेच टिपून ठेवा, आजी,' असं वकील म्हणाला होता. मैनाबाई टिपायला टपूनच बसली होती.

"चष्मा," पार्बताबाईनं वाचलं.

"आला."

"औषध."

"अर्धी बाटली संपवली. दिलं का सांडलं?"

"खोकला होता म्हनून दिलं. येतानाच घेऊन आली होती खोकला. तो नाई लिवला तुमी वहीत."

मैनाबाई उत्तर जुळवत होती, तेवढ्यात आचल म्हणाली, "आजी, मी पाणी पिऊन येते."

कोणत्या आजीला म्हणाली ते कळलं नाही. दोघी एकदम म्हणाल्या, "जाय." मग दोघींनी एकमेकींकडं खाऊ का गिळू असं पाहिलं. आचल कुणाकडंच न बघता फाटकाच्या दिशेनं चालू लागली.

बाटली बाकावरच होती. मैनाबाईनं खोळीसकट उचलून पाहिली. काठोकाठ भरलेली. मग पोरगी पाणी कुठलं प्यायला गेली? प्रत्येक खेपेला ती अशीच कुठंतरी जाऊन यायची, हे तिला आता आठवलं. अमरावतीच्या या बुढीनं चोरून काही खाऊ घालायचा, काही हातात द्यायचा बेत केला असणार. यादीबाहेर.

"मी आलीच," म्हणून ती उठली. अकोल्याच्या गाडीला अजून अर्धा तास होता.

फाटकाबाहेर लिंबाखाली जैनबबी बोरांची टोपली घेऊन बसायची. आचल तिच्यापुढं उकिडवी बसली होती. मैनाबाई खांबाआड थांबली. जैनबबीनं बुडाखालच्या पोत्याची घडी उचलली आणि आतून एक मुठीएवढी थैली काढून दिली. आचलनं थैलीची नाडी सोडली, फ्रॉकच्या खिशातून काहीतरी काढून आत टाकलं, बराच वेळ आत पाहिलं, नाडी ओढली आणि थैली परत दिली. मग ती खरोखरच नळाकडं गेली. तिथं रांग होती.

मैनाबाई तरातरा टोपलीपाशी पोचली.

"काय ठेवते ते पोट्टी तुमच्यापाशी?"

जैनबबीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "अमानत हाये बाई. पोरीची."

"मी तिची आजी हावो. अकोल्याची."

"मालूम हाये मले. तिनंच सांगतलं, दोन हायेत म्हनून."

"दाखवा इकडं."

जैनबबीनं थैली पुढं केली, पण हातातून लगेच सोडली नाही. "जुलै महिन्यापासून ठेवून राहिली. मी आतमंदी पाह्यलं नाई. तुमी घरच्या, तुमचं तुमी पाहा."

थैली जुन्या गणवेशाच्या चौकटीच्या कापडाची होती. वर नाडी म्हणून बुटाची लेस ओवलेली. काठ नाही, पायपिंग नाही. लाल नाही, हिरवंही नाही. शिवण म्हणजे नुसता धावदोरा, एक टाका बोटभर तर एक मुंगीएवढा, कुठं कापड सोडून हवेतच गेलेला. हे काम पोरीचं, हे बघताक्षणी कळत होतं. आणि वरच्या दुमडीत एक सुई टोचून ठेवलेली होती, तिच्याभोवती पांढरा दोरा गुंडाळलेला. सोनेरी नेढ्याची, जाड सुई. मैनाबाईनं ती लगेच ओळखली. आषाढात तिच्या सुयांच्या उशीतून हीच सुई गेली होती, आणि 'अमरावतीले काय काय शिकवतात पोरीले' म्हणून तिनं दिवसभर तोंडाचा पट्टा चालवला होता. पोरगी त्याआधी चार वेळा म्हणाली होती, आजी, मला मशीन शिकव. बोट शिवून घेशील, बाजूला हो, एवढंच तिला उत्तर मिळालं होतं.

सापडलं. आता वहीत लिहायचं: पोरगी आपली चीजवस्तू स्टेशनबाहेर परक्या बाईकडं ठेवते, त्या लोकांचं लक्ष नाही. वकील खूश झाला असता. मैनाबाईनं लेसमध्ये अंगठा घातला आणि थैली उघडायला म्हणून उलटी धरली.

तेव्हा तिला खालची बाजू दिसली. तळाला धावदोरा नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढा बखया होता, टाक्याला टाका लागून. शेवटी दुहेरी गाठ, आणि शेपूट आत दडवलेलं.

"हे कोनं शिवलं?" तिनं विचारलं, पण उत्तर तिला ठाऊक होतं.

"दिवाळीच्या नंतर," जैनबबी म्हणाली. "तुमच्यासारख्याच आल्या होत्या तनतनत. थैली खालून उसवून गेली होती. इथंच बसल्या, शिवली, मले देऊन गेल्या. पोरीले सांगू नका म्हने."

"आत काय हाये, ते पाह्यलं त्याईनं?"

"नाई. उसवलेल्या जागी हात लावून धरला होता, आतलं सांडू नाई म्हनून. पाह्यलं नाई."

दिवाळीच्या नंतर म्हणजे दोन महिने झाले. दोन महिने त्या बाईला माहीत होतं, आणि ती दर खेपेला वहीत चष्मा, कंपास लिहून सही ठोकत होती. तिच्या वकिलानंही तिला काय टिपायला सांगितलं असेल, ते मैनाबाईला न सांगता कळत होतं. तिनं टिपलं नव्हतं. मैनाबाईला भयंकर राग आला. पार्बताबाईचा आला, स्वतःचा आला आणि अंगठा लेसमध्ये तसाच अडकून राहिला.

बाहेरून चाचपलं तर आत काही गोल टणक होतं, आणि काही कागदासारखं करकरत होतं. दोन्ही घरांनी दिलेलं सगळं तर तिकडं बाकावर मांडलेलं होतं. अकोल्यात ठेवलं तर अकोल्याचं होईल आणि अमरावतीत ठेवलं तर अमरावतीचं, म्हणून पोरीनं जे काही तिचं होतं ते मधल्या स्टेशनावर ठेवलं होतं.  मैनाबाईनं लेसमधून अंगठा काढून घेतला.

"सरका जरा," ती जैनबबीला म्हणाली आणि पोत्यावर टेकली.

बाजूची शिवण दोन ठिकाणी सुटायला आली होती. तिनं दुमडीतली सुई काढली, दोरा ओवला. मशीनवर जन्म गेला होता, हातानं बखया घालून वर्षं लोटली होती. पहिले चार टाके तिला पसंत पडले नाहीत, ते तिनं उसवून पुन्हा घातले. त्या बाईच्या शेजारी आपला टाका ढिला दिसता कामा नये, एवढं एकच तिच्या मनात होतं. नळावरची रांग सरकत होती. तिनं गाठ मारली, शेपूट आत दडवलं, सुई होती तशी टोचली आणि थैली जैनबबीच्या हातात दिली.

"तिले सांगू नका," ती म्हणाली.

जैनबबीनं थैली पोत्याखाली सरकवली आणि एका गिऱ्हाइकाला बोरं मोजून द्यायला घेतली.

मैनाबाई बाकाशी परतली, तेव्हा पार्बताबाई वही उघडी ठेवून बसली होती. सहीच्या जागी पेन आडवं ठेवलेलं होतं. ती मैनाबाईच्या चेहऱ्याकडं पाहत होती, आणि या वेळी तिनं नजर काढून घेतली नाही.

"लई वेळ लागला," ती म्हणाली.

"रांग होती नळावर."

पार्बताबाईनं वही पुढं सरकवली. "सगळं आलं न? पाहून घ्या. का काई राह्यलं इथं?"

हा प्रश्न प्रत्येक खेपेला होई. प्रत्येक खेपेला त्यावर भांडण होई. मैनाबाईनं पेन उचललं. वहीच्या त्या पानावर सहीच्या वर दोन ओळी मोकळ्या होत्या.

"सगळं आलं," ती म्हणाली. "इथं काईच नाई राह्यलं."

तिनं सही केली. पार्बताबाईनं ती सही वाचली, वही मिटली आणि पिशवीत घातली. मैनाबाई हिरव्या खोळींतून वस्तू काढून लाल खोळींत भरू लागली. चष्म्यापाशी येऊन तिचा हात थांबला.

"टाका लई आवळून घालता तुमी," ती चष्म्याकडं बघत म्हणाली. "कापड गोळा होते त्यानं."

पार्बताबाईनं पिशवीचे बंद ओढून घेतले.

"ढिला घातला असता तं आतापावतर उसवलं असतं सारं," ती म्हणाली.

"उसवलं नसतं. मीबी शिवतोच की."

"तुमी मशीनवर शिवता."

"हातानंबी येते मले."

आचल ओले हात फ्रॉकला पुसत आली आणि बाकाच्या टोकाला उभी राहिली. तिनं आधी एका आजीकडं पाहिलं, मग दुसऱ्या आजीकडं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," दोघी म्हणाल्या. मैनाबाईनं चष्मा हिरव्या खोळीत होता तसाच दप्तरात टाकला आणि चेन ओढली. गाडीची घोषणा झाली. दोघींपैकी एकीनंही फाटकाकडं पाहिलं नाही.