चक्का फेटून ठेव

“हात लावू नको त्याला!”

जालिंदर एवढ्या जोरात ओरडला की दाढी करता करता माझा गालच कापला असता. तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आलो, तर हरिदास एसीपुढे उभा. एसीच्या जाळीला बांधलेली पांढरी पुरचुंडी त्याच्या नाकासमोर लोंबत होती आणि तिच्यातलं पाणी खालच्या पातेल्यात टपटपत होतं.

“अरे, नुसतं बघू राहिलो मी. किती घट्ट झालं ते,” हरिदास म्हणाला.

“डोळ्यानं बघ की. बोटानं कामून बघतो?”

शुक्रवारची सकाळ, सुट्टीचा दिवस, आणि खोलीत भांडण कशावरून, तर दह्यावरून! आता बोला.

आमची खोली कतारमध्ये, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या मागच्या गल्लीत आहे. कंपनीने दिलेली, चार खाटांची. मी सुरेश, प्लंबर, साताऱ्याकडचा. हरिदास सिन्नरचा सुतार. इरशाद गोरखपूरचा, रंगकाम करतो. आणि जालिंदर बीडकडचा, एसी मेकॅनिक. खोलीचा स्वयंपाक हरिदासकडे. त्याच्या हाताला चव आहे आणि ते त्याला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे गॅसजवळ दुसऱ्या कुणाला तो फिरकूही देत नाही. पण त्या दिवशी जालिंदरने त्यालाच हाकललं होतं.

कारण त्या दिवशी तिकडे गावी जालिंदरच्या लेकीचा, सोनमचा साखरपुडा होता. आणि बाप इकडे.

त्याने रजा मागितली नव्हती असं नाही. पण कतारच्या उन्हाळ्यात एसीवाल्याला रजा? आमच्या मॅनेजरचं ‘इन्शाल्ला’ दोन प्रकारचं असतं. हसून म्हणाला तर काम होतं. कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, तर खलास. जालिंदरला दुसऱ्या प्रकारचं मिळालं. साखरपुडा शुक्रवारी तरी धरा, मला सुट्टी असते, एवढंच तो घरच्यांना सांगू शकला.

सोनम चालायला लागली नव्हती तेव्हा हा इकडे आला. दोन वर्षांनी एकदा घरी जायचं, एक महिना राहायचं, परत यायचं. पोरगी मोठी झाली, पुण्याला जाऊन हॉटेल मॅनेजमेंट शिकली आणि आता एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये कामाला लागली. तिथल्या पाहुण्यांना रोज रांधून घालते. बापाने मात्र तिच्या हातचा घास कधी खाल्ला नव्हता. तो गावी गेला की ही पुण्याला. ही आली, तर आजी म्हणणार, पोरगा इतक्या दिसानं आलाय, आज मीच करते.

तिने आठवड्यापूर्वी फोनवर निरोप रेकॉर्ड करून पाठवला होता. जालिंदरने तो इतक्यांदा लावला की आम्हालाही पाठ झाला.

“अप्पा, साखरपुड्याला पाव्हण्यांसाठी मी सात थरांचं डिप करणाराय. आमच्या शेफनं माझं पहिलं कौतुक केलं ते याच्यावर. तुम्ही तिकडं तेच करा. मी सांगते तस्संच करायचं, मनाचं काही घालायचं नाही. मग फोनवर दोघं एकदमच खाऊ. माझ्या हातचं खाल्लं असं समजायचं.”

मनाचं काही घालायचं नाही! जालिंदरने हे वाक्य देववाक्य धरलं होतं.

पदार्थ अमेरिकेतल्या टेक्सस आणि मेक्सिकोच्या सीमेवरचा. काचेच्या भांड्यात तळाला लसूण-जिरं घालून घोटलेला राजमा. त्यावर लिंबू पिळलेला ॲव्होकाडोचा लगदा, त्यावर सावर क्रीम, म्हणजे आंबट साय. मग टोमॅटो-कांदा-मिरची, किसलेलं चीज, काळे ऑलिव्ह आणि सगळ्यात वर कांद्याची पात. मक्याच्या चिप्सने खणून खायचं.

“म्हणजे राजम्याची चटणी न् वर कोशिंबीर,” हरिदासने निकाल दिला. “त्याला सात मजले कशाला?”

आमच्या बकाल्यात, म्हणजे खालच्या किराणा दुकानात, सावर क्रीम नव्हतं. सोनमने तिथूनच तोड काढली होती. दही टांगा, चक्का चालतो, मीठ घालून हलवून घ्या. पण टांगायला पातळ कापड हवं. आदल्या रात्री जालिंदरने खाटेखालून बॅग ओढली आणि तिच्यातून पांढरा मलमलचा फेटा काढला. नवाकोरा. लेकीच्या साखरपुड्यात बांधायचा म्हणून मागच्या सुट्टीत घेतलेला. आम्ही बघतोय तोवर त्याने त्याचं एक टोक टर्रकन फाडलं.

“अरे, अरे!” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ द्या, सुरेशराव. तसाबी पडूनच ऱ्हायला आसता. कामाला तरी आला.”

मला फार वाईट वाटलं. पण तोवर त्याने त्या तुकड्यात दही ओतलंही होतं.

तर त्या शुक्रवारी राजमा घोटून तयार, टोमॅटो-कांदा चिरून तयार, ॲव्होकाडो काळा पडतो म्हणून ऐन वेळी कुस्करायचा. एवढ्यात जालिंदरचा फोन वाजला. अल हिलाल भागात एका व्हिलातला एसी बंद पडलेला, घरात बाळंतीण. बाहेर नुसता भट्टीचा जाळ. जालिंदरने नाही म्हणणं शक्यच नव्हतं. कंपनीची निळी टोपी डोक्यावर घातली, हत्यारांची बॅग उचलली, आणि दारातून ओरडला,

“हरिदास, चक्का फेटून ठेव रे! बाकीचं म्या आल्यावर लावतो.”

मीही ते ऐकलं. मीही मराठी माणूस. मला काहीही खटकलं नाही.

मी आणि इरशाद चिप्स आणायला बाहेर पडलो. चार दुकानं फिरून परत आलो, तर जालिंदर येऊन पोचला होता. अंगातला शर्ट घामाने पिळून काढावा असा. त्याने हातपाय धुतले आणि लढाईवर निघाल्यासारखा थर लावायला बसला. कांद्याच्या आणि लसणीच्या वासाने खोली भरून गेलेली. हरिदासने मोठ्या मानाने चक्क्याचं पातेलं पुढे केलं. जालिंदरने तो पांढराशुभ्र, गुळगुळीत थर चमच्याने पसरला, कडेपर्यंत.

“चव तरी बघ,” मी म्हणालो.

“सोनमच्या आधी न्हाई.”

सातवा थर लागला तेव्हा ते भांडं खरंच देखणं दिसत होतं. इरशाद म्हणाला, “जालिंदर भाई, ये तो शादी का केक हो गया!” जालिंदर लाजला, हो, चक्क लाजला.

मी पाणी प्यायला आत गेलो, तर हरिदासने मला हळूच कोपऱ्यात ओढून हातात वाटी दिली.

“तुझ्यासाठी ठेवलं. केशर नव्हतं रे आपल्याकडं, पण वेलची ताजी कुटून घातली.”

मी बोट चाटलं. श्रीखंड. सणाला पंगतीत दुसऱ्यांदा मागून घ्यावं असं फर्मास श्रीखंड.

“हरिदास, यात साखर घातलीस तू?”

“मग? चक्का फेटून दुसरं काय करता?”

“अरे गाढवा, मीठ घालायचं होतं! त्याने ते लसणीच्या राजम्यावर पसरलंय!”

हरिदासचं तोंड पांढरं पडलं. “मला काय माहीत? मला वाटलं, सात थरांतला एखादा गोड असेल. पोरीचा साखरपुडा, घरात गोड नको का? तो फेटून ठेव म्हणाला, मी फेटलं...” त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. “सुरेश, आता रे काय करायचं?”

सांगावं म्हणून मी बाहेर आलो, आणि तेवढ्यात फोन वाजला.

आधी पडद्यावर दिसली जालिंदरची आई, विठाबाई. ऐकायला कमी येतं, म्हणून तोंड अगदी फोनला लावून बोलते.

“डोस्कं उघडं कामून तुझं? लेकीचा साखरपुडा अन् फेटा कुठंय?”

“हाय, हाय, आई. बांधायलोय.”

फेटा बॅगेतून परत बाहेर आला. बांधायला हरिदास पुढे झाला, पण त्याचं सगळं लक्ष त्या काचेच्या भांड्याकडे, त्यामुळे दोनदा सुटला. टोक फाडल्यामुळे शेमला आखूड झाला, पाठीवर रुळायचा तो मानेवरच अडकून राहिला. पण जालिंदर ताठ बसला. खाटेवर नव्हे, थेट मांडवातच बसल्यासारखा. पलीकडे त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ बसला होता. सोनमची ओटी भरली. सासूने चंदेरी कागदाचा साखरेचा पुडा तिच्या हातात दिला. जालिंदरने इकडे हात जोडले. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तरी जोडले.

मग सोनम फोन घेऊन आत आली. हिरवी साडी, कपाळाला मळवट, एका हातात पुडा तसाच, आणि समोर तिचं काचेचं भांडं. तिचे थर आणि याचे थर, हुबेहूब.

“अप्पा! किती भारी लावलेत थर! आता एक-दोन-तीन म्हटलं की घ्यायचं. खालपर्यंत घ्या, वरवरचं नको.”

मी आणि हरिदास एकमेकांचा हात धरून उभे होतो, लहान पोरांसारखे.

“एक, दोन, तीन!”

जालिंदरने भलामोठा घास घेतला. दोनदा चावला आणि थांबला. भांड्याकडे बघितलं. मग हरिदासकडे बघितलं. हरिदासने डोळे मिटून घेतले.

“अप्पा? कसं लागतंय?”

जालिंदर परत चावू लागला. सावकाश, सगळा घास संपवून गिळला. आणि दुसरी चिप उचलली.

“गोड लागतंय, बाय.”

“गोड? त्यात गोड काहीच नाहीये!”

“तुझ्या हातचं हाय. म्हून लागत आसंल.”

पण ती पोरगी किचनमध्ये पोट भरणारी. तिला कोण फसवणार? “अप्पा, खरं सांगा. चक्क्यात काय टाकलंत?”

हरिदासला राहवलं नाही. तो फोनपुढे जाऊन उभा राहिला. “पोरी, तुझ्या बापाचा काही दोष नाही गं. तो फेटून ठेव म्हणाला, मला वाटलं श्रीखंडच. साखर मी घातली. मीच तुझ्या जेवणाचं वाटोळं केलं.”

सोनमने तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय, आम्हाला कळेना.

“काय झालं? कोन रडायलंय?” मागून विठाबाईचा आवाज. कुणीतरी तिच्या कानात ओरडून सांगितलं, अप्पाच्या चटणीत साखर पडली म्हणून.

“मंग त्यात काय?” म्हातारी म्हणाली. “साखरपुड्याला बापाच्या हातची साखर नगं व्हय?”

सोनमने डोळे पुसले. “थांबा, अप्पा.”

तिने साखरेचा पुडा सोडला. चिमूटभर साखर काढली आणि चिपवरच्या राजम्यावर, ॲव्होकाडोवर, मिरचीवर भुरभुरली. आणि सरळ तोंडात घातली.

“आता झालं तुमचं न् माझं सारखं,” ती भरल्या तोंडाने म्हणाली. मग तिचा चेहरा वाकडा झाला. “ईऽऽ अप्पा, काय घाण लागतंय हो!”

“लई घाण लागतंय, बाय!” जालिंदर म्हणाला, आणि खो खो हसला. इतक्या वर्षांत तो असा हसलेला मी बघितला नव्हता. हसता हसता रडू लागला आणि रडता रडता तिसरी चिप खाल्ली. तिकडे तीही खातच होती. आम्ही तिघेही डोळे पुसत होतो, इरशादसुद्धा, आणि त्याला तर निम्मं कळलंही नव्हतं.

फोन बंद झाल्यावर आम्ही त्या भांड्याभोवती बसलो. खरं सांगतो, लसूण आणि वेलची एका घासात खाण्यासारखी नाही. पण कुणी उठलं नाही. हरिदासने तर सगळ्यांत जास्त खाल्लं. जालिंदर मध्येच त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “श्रीखंड मातुर झ्याक केलंस, लेका.”

तळ दिसायला लागला आणि परत जालिंदरचा फोन वाजला. वेस्ट बे भागातलं एक ऑफिस. “यस सर. कमिंग, सर.” त्याने हात धुतले, हत्यारांची बॅग खांद्याला लावली आणि निघाला. कंपनीची निळी टोपी खुंटीवरच राहिली आणि फेटा डोक्यावर.

मी हाक मारायला तोंड उघडलं. हरिदासने माझं मनगट दाबलं. “राहू दे.”

आम्ही खिडकीतून बघत राहिलो. खाली ऊन नुसतं पांढरं झालं होतं. कंपनीच्या निळ्या कपड्यांतला जालिंदर गल्ली ओलांडून व्हॅनपाशी गेला. दार उघडलं. बसताना फेटा वर घासला, तेव्हा त्याने हात लावून चाचपला आणि क्षणभर तसाच थांबला.

मग एका हाताने फेटा नीट बसवला, मान वाकवून आत बसला आणि कामावर गेला.