एका ओळीची जागा

"बाई, पान छपाईला सोडायचंय! आटपा लवकर!" उपसंपादक काचेपलीकडून ओरडला.

बाईंची बोटं कीबोर्डवर थिजली होती. बावीस वर्षं त्या या वर्तमानपत्रात लेखकांचे कागद टाइप करत होत्या. मक्षिकास्थाने मक्षिका, हा त्यांचा खाक्या. लेखकाने गाढवाला घोडा म्हटलं, तर बाईंचाही घोडाच. आज समोर होतं ते साप्ताहिक विनोदी सदर. लिहिणाऱ्या गृहस्थांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. नुसतं पाकीट यायचं.

तीन महिन्यांपूर्वी त्या सदरात बाईंचंच घर शिरलं. सासूबाईंनी टीव्हीतल्या अंपायरला विचारावं, "मेल्या, डोळे आहेत की बटणं?" आणि तेच वाक्य पाकिटातून यावं. मंत्र्याच्या रंगवलेल्या केसांवरचा नवऱ्याचा टोमणा, लाडक्या नटाचं लग्न ठरलं म्हणून लेकीने धरलेला अबोला, सगळं जसंच्या तसं. बाई आधी खूप हसल्या. मग मजकूर आधी यायला लागला आणि घरात मागून घडायला लागलं. सासूबाईंचा पाय मुरगळला, तो बाईंनी दोन दिवस आधीच टाइप केला होता.

आजच्या मजकुरात संध्याकाळचा अंतिम सामना होता. लेखक, त्यांची 'ही', मुलगा, मुलगी, सगळे होते. आई, म्हणजे सासूबाई, तेवढ्या नव्हत्या. 'आईची खुर्ची माळ्यावर टाकली. आता पाय पसरायला ऐसपैस जागा!' असं गमतीत लिहिलं होतं.

बाईंनी घरी फोन लावला.

"आई, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? छातीत जरा दुखतंय सकाळपासून. पण सामना संपेपर्यंत मी कुठे मरत नाही!"

बाईंनी फोन ठेवला. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण तो आवाज नसलेलं घर? नको गं बाई! त्यांनी माळ्याची ओळ पुसली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनचं लिहिलं. 'आई खुर्चीत ठाण मांडून बसली. अंपायरच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय ती हलायची नाही.'

"एक ओळ वाढलीय!" उपसंपादक ओरडला. "कुठलीही एक काढा, नाहीतर मी शेवटची उडवतो."

शेवटची ओळ लेकीची होती. ती जाऊन चालणार नव्हतं. आईंची, नवऱ्याची, मुलाची ओळ उडवायला हात धजेना. राहता राहिली एक. 'ही कामावरून येते आणि चहा टाकते.'

बाईंनी ती काढली. पान गेलं.

घरी पोचल्या तर सासूबाई खुर्चीत, ठणठणीत, अंपायरवर तोंडसुख घेत बसलेल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"आई, मी आले हो!"

कोणी वळून पाहिलं नाही. सामना रंगलाय, बाईंनी मनाची समजूत घातली आणि त्या टीव्हीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मुलगा त्यांच्या आरपार धावसंख्या वाचत होता.

"चहा कोण टाकणार?" नवऱ्याने विचारलं.

"कोण म्हणजे? रोज टाकतं तेच," सासूबाई खेकसल्या.

"रोज कोण टाकतं?"

 चौघांपैकी कोणालाच आठवेना.

"कोण बरं ती..." सासूबाईंचा आवाज खाली आला. "साखर अगदी बेताची घालायची हो."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी सुनेचं केलेलं हे पहिलं कौतुक. बाईंनी डोळे पुसले, आत गेल्या आणि मोजून चार कप आधण ठेवलं.