शेऱ्याचा रकाना

“काकू, चारशे बारा माणसं कमी झाली!” चष्मेवाली इंजिनियर खुर्चीतल्या खुर्चीत उडीच मारणार होती.

इस्पितळात माणसं कमी झाल्याचा आनंद करणारी ही पहिलीच मुलगी. पण रेकॉर्डकाकूंना एव्हाना तिच्या भाषेची सवय झाली होती. केसपेपर, प्रयोगशाळा, औषधं, एक्स-रे आणि प्रसूती, अशा पाच विभागांची पाच सॉफ्टवेअरं, पाचांची तोंडं पाच दिशांना. एकच माणूस पाच ठिकाणी पाच नंबरांनी नांदायचा. तीस वर्षं रोज सकाळी पाच याद्या टेबलावर पसरून ‘हा तोच का?’ एवढंच काकू ठरवत आल्या होत्या. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार आणि नवी यंत्रणा ते काम करणार. चष्मेवालीनं ती पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून दाखवली होती. पाचही ठिकाणची माहिती एका जागी आणायची, धुऊन-पुसून एका साच्यात बसवायची, मग जुळवायची आणि शेवटी एका माणसाला एकच नंबर द्यायचा.

“म्हणजे माझंच डोकं,” काकू म्हणाल्या होत्या, “फक्त त्याला गुडघेदुखी नाही.”

आज जुळवणीची चाचणी होती. “आडनाव, जन्मतारीख, पत्ता आणि आईचं नाव जुळलं की एकच माणूस,” चष्मेवाली सांगत होती. “स्वतःचं नाव धरलंच नाही. ते पाच ठिकाणी पाच तऱ्हेनं लिहिलंय. उद्या सकाळी चालू करायचंय, तुम्ही एकदा नजर टाका.”

काकू बोट ठेवत यादी वाचू लागल्या. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

“अगं, हे जुळे भाऊ आहेत. ह्याला पेनिसिलीन सोसत नाही, त्याला सोसतं. तू दोघांचा एक केलास!”

चष्मेवालीचा चेहरा उतरला. “पण जुळे आहेत असं कुठंय लिहिलेलं?”

“शेऱ्यात. सिस्टर तिथं ‘एक’ नि ‘दोन’ लिहायच्या.”

“तो रकाना मी साफसफाईतच काढून टाकला. नुसता कचरा होता हो त्यात. ‘उद्या येतो म्हणाले’, ‘नातेवाईक भांडले’...”

“ते भांडणाचं मीच लिहिलंय,” काकू म्हणाल्या.

इथं यादी परत दिली असती तरी त्यांचं काम झालं असतं. पण त्या वाचत राहिल्या आणि अकराव्या पानावर त्यांना स्वतःचाच पत्ता दिसला. एकाच दिवशीचे दोन जन्म, मध्ये अकरा मिनिटं. थोरली आता एकतीस वर्षांची, दुसऱ्या शहरात, दर रविवारी फोन करणारी. धाकटी एकोणीस तास जगली होती. तिचा फोटो नव्हता, अंगडं नव्हतं. वजन आणि रक्तगट लिहिलेली एक ओळ काय ती होती, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी जुन्या रजिस्टरातून ती काकूंनीच संगणकात उतरवली होती. त्यानंतर ती त्यांनी कधी उघडून पाहिली नाही. ती तिथं आहे, एवढं त्यांना पुरत होतं. यंत्रणेनं ती थोरलीच्या नोंदीत मिसळून टाकली होती.

“ही माझी आहे,” काकू म्हणाल्या. “त्या भावांसाठी रकाना परत आणावाच लागेल तुला. पण खोटं कशाला बोलू? मला तो हिच्यासाठीही हवाय.”

चष्मेवालीनं पान पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि कामाला लागली. दुपारपर्यंत रकाना परत आला. सदतीस जोड्या सुट्या झाल्या. छत्तीस सुरळीत गेल्या. एका जोडीतली दुसरी नोंद अडकली.

“नाव नाहीये,” ती हळूच म्हणाली. “नावाशिवाय नंबर निघत नाही. ‘बाळ दोन’ टाकू?”

“थांब जरा.”

बाळाचं नाव भरायचं तर आईनं आणि बापानं ते एकमेकांना न विचारता सांगायचं आणि दोन्ही नावं सारखी निघायला हवीत, हा खुद्द काकूंचा नियम. आत्या-मावशांच्या ओढाताणीला कंटाळून केलेला. त्यापायी कितीतरी बाप त्यांनी दारातून परत पाठवले होते. पोटात दोन आहेत हे कळल्यावर दोघांनी मिळून दोन नावं ठरवली होती. त्यातलं दुसरं पुढे घरात कुणीच उच्चारलं नाही. काकूंना ते पाठ होतं. पण नवऱ्याला? त्यांना हल्ली चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही. ते विसरले असतील, तर इतकी वर्षं आपण एकट्यानंच तिला सांभाळलं असं होईल. काकूंना ह्याचीच भीती वाटली. तरी त्यांनी फोन लावला.

“अहो, मी बोलतेय, ऑफिसातून. धाकटीचं नाव काय ठरवलं होतं आपण?”

कुठली धाकटी, असं नवऱ्यानं विचारलं नाही. पलीकडे रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला आणि त्यांनी नाव सांगितलं.

तेच होतं. काकूंना समोरचा पडदा दिसेनासा झाला. “परत सांगा,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”

त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. काकू टाईप करत गेल्या. चष्मेवाली खिडकीबाहेर बघत राहिली.

“लिहिलंस?”

“लिहिलं. नंबर आला तिला.”

“किती?” ते म्हणाले. “थांब, पेन घेतो.”

पलीकडे खण उघडल्याचा, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. काकू थांबल्या. मग एकेक आकडा सांगू लागल्या.