तीन नंबरची नोझल

पलीकडच्या दोन नंबरच्या मशीनवरून चंद्राने दोन बोटं वर केली, तसा केसरीनाथ गर्रकन मागे वळला. मागे एक रिक्षावाला सीटवरून अर्धा बाहेर लोंबून ओरडत होता. त्याचं तोंड ज्या रुंदीने उघडलं होतं त्यावरून ही त्याची तिसरी-चौथी हाक असावी.

"कवापास्नं बोंबलतोय! उभ्या उभ्या झोपला का?"

"आलो, आलो. झिरो बघून घ्या," म्हणत केसरीनाथने तीन नंबरची नोझल उचलली. तिच्या तोंडाला चिंधी गुंडाळलेली होती आणि तरीही ती ठिबकत होती. रिक्षावाल्याने चिंधीकडे पाहिलं, मग केसरीनाथकडे पाहिलं, आणि आणखी काहीतरी बोलला. ते केसरीनाथने वाचलं नाही. सगळंच वाचत बसलं तर माणसाने जगायचं कसं?

राहनाळच्या त्या पंपावर त्याला टेबलफॅन म्हणत. कारण त्याची मान सारखी फिरायची. डावीकडे, उजवीकडे, मागे, पुन्हा डावीकडे. कोण आलं, कोण बोलतंय, कुणाचे ओठ हलतायत. चोपन्न वर्षांचा धडधाकट माणूस चोरासारखा सारखं मागे बघतो याची सगळ्यांना गंमत वाटे. खरी गोष्ट दोन नंबर सांभाळणाऱ्या चंद्राला एकटीलाच ठाऊक होती. केसरीनाथला ऐकू येत नव्हतं.

बावीस वर्षं त्याने भिवंडीत कापडाचे लूम चालवले होते. त्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. गल्लीगल्लीतल्या कारखान्यांत अख्खी भांडणं, अख्ख्या सोयरिकी अशा मुक्यानेच जमतात आणि मोडतात. कान हळूहळू जातायत हे कळायला केसरीनाथला फार वर्षं लागली, कारण तिथे कानांची कुणाला गरजच नव्हती. मग मालकाने लूम भंगारात काढले, जागेवर गोदाम बांधलं, आणि केसरीनाथ बाहेर आला तेव्हा त्याला कळलं की बाहेरचं जग तोंड फिरवूनही बोलतं. भावकीतल्या मनोजशेठचा पंप होता. त्याने पुतण्याच्या नात्याने काम दिलं. कानांचं विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि चार वर्षं ती मूठ झाकलेली राहिली, ती नोझलच्या कृपेने. टाकी भरत आली की धड नोझल आपली आपण बंद होते. तिचा दांडा तळहातात खट्‌कन उसळतो. बाकीच्यांना तो आवाज वाटे. केसरीनाथला तो तळहातावर मारलेली टिचकी वाटे. तेवढी टिचकी त्याला पुरत होती.

होळीच्या सुमाराला तीन नंबरची ती टिचकी बंद झाली. आतली स्प्रिंग गेली. टाकी भरून वाहिली तरी नोझल आपली सुरूच. बाकीची पोरं टाकीला कान देत. टाकी भरत आली की आतला आवाज बारीक होत जातो म्हणे. केसरीनाथ काय करणार? त्याने आपली वेगळीच युक्ती काढली. डावा तळहात टाकीवर ठेवायचा. उन्हाने तापलेली टाकी पेट्रोल चढेल तशी खालून गार होत येते. गारवा अंगठ्याशी आला की दांडा सोडायचा. दिवसभर हात पोळून निघे, पण चुकत नसे.

मनोजशेठला त्याने तीनदा सांगितलं.

"ठाण्याहून मेकॅनिक येनार हाय, काका," शेठ म्हणे. एकदा तो खरंच आला. नोझलला दोन ठोसे मारले, चहा प्यायला, चिंधी गुंडाळली आणि गेला. "चालते तवर चालवा. गिऱ्हाईक बोललं तर बोलू द्या. लोकांच्या तोंडाला काय हात लावनार?"

मशीन बदलून मागावं, तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून केसरीनाथ गप्प बसला, आणि त्याची मान आणखी जोरात फिरू लागली. घरी जेवतानासुद्धा तो मागे वळून बघायचा. कमळा म्हणायची, "भिंत हाय ती. भिंत कुठं पळून जाते का?"

मे महिन्यातली ती दुपार. रस्त्यावर कंटेनर अडकलेला, पंपात गाड्यांची झुंबड. तीन नंबरवर एक मोटरसायकल लागली. धुळीपासून बचाव म्हणून माणसाने तोंडाला लाल रुमाल बांधलेला. पुढे बसलेल्या चार वर्षांच्या मुलीला त्याने खाली उतरवलं. ती टाकीला गाल लावून उभी राहिली. माणसाने हाताने वरपर्यंतची खूण केली. म्हणजे फुल.

केसरीनाथने सवयीने तळहात ठेवला. टाकीवर जाड रेक्झिनचं कव्हर होतं. गारवा कळणार कुठून? त्याने डोळे मशीनच्या आकड्यांवर रोखले आणि अंदाजाने भरू लागला. रुमालाआडून तो माणूस "बस, बस" म्हणाला असेल. चंद्राने दोन नंबरवरून मूठ आवळून दाखवली, ती त्यांची 'भरली' अशी खूण होती. पण डोळे दोनच असतात, आणि ते आकड्यांवर होते.

पेट्रोल उसळलं ते सरळ पोरीच्या तोंडावर.

पोरगी किंचाळली असणार. केसरीनाथला दिसलं ते फक्त उघडं तोंड आणि घट्ट मिटलेले डोळे. काय झालं हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत चंद्राने धावत येऊन त्याच्या हातातली नोझल हिसकावली, दांडा सोडला. पाकीट काढायला वळलेल्या बापाने नेमकं तेव्हाच मागे पाहिलं. नोझल चंद्राच्या हातात होती.

पुढचा तासभर केसरीनाथ जागच्या जागी जळत राहिला. चंद्राने पोरीचे डोळे बाटल्यांवर बाटल्या ओतून धुतले होते. बाप तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेला होता. केसरीनाथ गाडी भरी, रस्त्याकडे बघे, पुन्हा गाडी भरी. देवा, पोरीचे डोळे राहू दे. एवढं एकच तो घोकत होता. एकदा तर त्याने डिझेलच्या गाडीला पेट्रोलची नोझल लावली होती, चंद्राने दंड धरून थांबवलं.

बाप परत आला. पोरगी त्याच्या खांद्यावर झोपली होती, डोळे लाल, पण शाबूत. केसरीनाथला तिच्या पायांना हात लावावासा वाटला.

मनोजशेठही तोवर येऊन ऑफिसच्या दारात उभा होता. बापाचा रुमाल आता गळ्यात होता, म्हणून केसरीनाथला सगळं वाचता आलं.

"डॉक्टर बोला बच गई. नहीं बचती तो? तुम्हारी मशीन टपकती है, आदमी लोग ध्यान नहीं देते. कौन था, मैंने देखा है. वो औरत थी. कंप्लेंट लिखूँगा, कंपनी में भेजूँगा."

तेल कंपनीचं नाव निघालं तसा शेठ नरमला. साहेब तपासायला आला तर चिंधीचं काय सांगायचं? त्यापेक्षा एक माणूस काढून दाखवलेला स्वस्त. "भाईसाब, लिखने का कायको? इसको अभी निकालता मैं." मग चंद्राकडे वळून, "बायांना या कामाला घेतलं तीच माझी चूक. उद्यापासनं येऊ नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी ती अशी. पाड्यावरची चंद्राची सगळी माणसं पावसाळा सोडला तर वीटभट्टीवर राबत. डोक्यावर छप्पर असलेलं काम त्यांच्या घरात हिलाच पहिल्यांदा मिळालेलं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. तिने केसरीनाथकडे पाहिलंसुद्धा नाही. बघितलं तर कुणाला संशय येईल, एवढं शहाणपण तिला होतं.

केसरीनाथची मान फिरायची थांबली. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. घरी जायचं, जेवायचं, उद्या यायचं. या वयात, या कानांनी दुसरीकडे कोण उभं करणार? पण ती खाली मान घालून ओढणीला हात पुसत होती, आणि ते त्याला बघवेना.

"ती न्हाय," तो म्हणाला. "मी व्हतो तीनवर. तिनं येऊन बंद केली."

"काका, तुम्ही मधी पडू नका. तिला वाचवायला कायपन सांगू नका."

"मला ऐकू येत न्हाय, मनोज."

पंपावरची पोरं वळून बघू लागली. शेठ हसला. "चार वर्सं माझ्याशी बोलता, आनि ऐकू येत न्हाय?"

"तुझं तोंड दिसतं म्हनून बोलतो. लूमवर गेले कान. ह्या नोझलची टिचकी हाताला लागायची तवर भागलं. तीनदा सांगितलं तुला, बदल म्हनून." आपला आवाज किती मोठा लागतोय हे त्याला कळत नव्हतं. "इस्वास न्हाय ना? मी पाठ करतो. तू बोल काय बोलायचं ते."

आणि तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. समोर दोन नंबरशी चंद्रा होती. तिच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं असतं, म्हणून त्याने डोळेही मिटून घेतले. जन्मभर नजरेवर जगलेल्या माणसाने भर दुपारी, चार लोकांत, आपण होऊन डोळे मिटले. आत नुसती एकसुरी घरघर होती. मागे कुणीतरी बोलत असेल. शिवी देत असेल, हाक मारत असेल. त्याने वाट पाहिली. कुणी खांद्याला हात लावेल, मग डोळे उघडू, असं त्याने ठरवलं होतं.

कुणी हात लावला नाही. अखेर त्याने आपणच डोळे उघडले.

दारात शेठ नव्हता. काचेमागे तो खुर्चीवर बसून फोनवर बोलत होता. लाल रुमालवाल्याची मोटरसायकलही गेली होती. पोरं आपापल्या गाड्या भरत होती. फक्त चंद्रा त्याच्या पुढ्यात उभी होती, हात लावावा की लावू नये अशा घोटाळ्यात, आणि तिचे डोळे भरले होते.

"झालं?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

"काय बोलला?"

ती सावकाश, ओठ नीट उघडून बोलली. "उद्यापास्नं येऊ नका म्हनला, दादा."

"आनि तू?"

"मला ऱ्हा म्हनला."

"बरं झालं. माझ्या पाठीमागं कितीदा म्हनला?"

तिला सांगायचं नव्हतं. पण त्याने तिच्या तोंडावरून नजर काढली नाही.

"तीनदा."

केसरीनाथने मान डोलावली. चंद्राची नजर एकदम त्याच्या मागे गेली आणि तिने त्याचा दंड धरला. तो वळला. एक टेम्पो त्याच्या पाठीला टेकायला आला होता, ड्रायव्हरचा हात हॉर्नवर दाबलेला, तोंडातून शिव्या चाललेल्या. केसरीनाथने हात जोडल्यासारखं केलं आणि बाजूला होऊन त्याला वाट दिली.