विष घरी पोचलंच नाही

पेशी मेल्या नव्हत्या. मेल्या असत्या तर मी खूश झाले असते.

सांगते. मुरबाडच्या अलीकडे जनावरांच्या रोगांवर काम करणारं आमचं छोटंसं केंद्र होतं. २००९च्या जानेवारीत, म्हशाची गुरांची जत्रा उठल्यावर, तिथल्या गुरांच्या शेणातून आम्ही एक जंतू वेगळा केला होता. गुराला त्याचं काही वाटत नाही, पण माणसाच्या पोटात गेला की रक्ताची हगवण लावतो. हा जंतू जे विष सोडतो ते पेशीत शिरून कुठल्या वाटेने जातं, हे शोधणं माझं काम. विषाला मी हिरवा चमकणारा रंग जोडायची, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर घालायची आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसायची. दोन दिवसांत पेशी मरायच्या. नेहमी मरायच्या. त्या दिवशी मात्र सहाच्या सहा बशांतल्या पेशी मजेत!

मी खर्डीची. आमच्या घरात हळू आवाजात कुणी बोलत नाही, आणि माझा तर राग नाकावर. पेशींचं खाद्य ज्या बाटलीतल्या पाण्यात कालवलं होतं, ती दहा लिटरची काचेची बाटली मी हुंगली. आंबूस वास! यानेच विष बिघडलं, असं मी ठरवून टाकलं. बाटल्या धुण्याचं काम रंभामावशीचं. ती डोंगरातल्या वाडीवरून चालत यायची, रोजंदारीवर, आणि त्या रोजावरच तिचं घर चालायचं.

"मावशे, काय घातलंस गो ह्यात?" सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं मी ओरडले.

"मी काय नाय घातला."

"साबणाशिवाय काय लावायचं नाय, शंभरदा सांगितलंय ना तुला! माझं सहा महिन्यांचं काम पाण्यात घातलंस!"

आमचे प्रमुख वैशंपायन सर बाहेर आले. पुण्याचे, मितभाषी, नियमाला पक्के. त्यांनीही बाटली हुंगली आणि मावशीला म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मावशीने पदर खोचला, डबा उचलला आणि ती गेली.

विष खरंच बिघडलंय का, हे बघायचं राहिलंच होतं. आधी ओरडायचं आणि मग तपासायचं, ही माझी रीत. तेच विष मी नव्या बशांवर घातलं, काही त्या आंबूस बाटलीतल्या पाण्याच्या, काही दुसऱ्या बाटलीच्या. दोन दिवसांनी दुसऱ्या बाटलीच्या पेशी मेलेल्या आणि आंबूस बाटलीच्या जिवंत! म्हणजे विष ठणठणीत होतं. त्या पाण्यातच असं काहीतरी होतं, जे पेशींना वाचवत होतं.

मी बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पेशीच्या मध्याजवळ एक ठाणं असतं. नवी प्रथिनं तिथे येतात आणि कुणी कुठे जायचं ते तिथे ठरतं. एरवी हिरवं विष उलट्या वाटेने त्याच ठाण्यावर जाऊन गोळा व्हायचं. या पेशींत ठाण्यावर हिरवं काहीच नव्हतं. विष आत शिरलं होतं, पण पेशी जिथे आपला कचरा जिरवते तिथे जाऊन विझत चाललं होतं. वाट चुकलं होतं! अहो, त्याची वाट कशी अडवावी म्हणून आम्ही डोकं फोडून घेत होतो, आणि इथे ते आपसूक चुकलं होतं. मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले.

मग आठवलं. बाटलीत काय पडलं ते एकाच बाईला ठाऊक होतं, आणि तिला मी घालवलं होतं.

सकाळी वाडीवर गेले. मावशी वालाच्या शेंगा तोडत होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी, बाटली कशानं धुतलीस, तेवढं सांग गो."

"मी काय नाय घातला."

"अगो, घातलंस ते लय भारी होतं! पेशी जगल्या!"

"तवा वराडत व्हतीस, आता हासतेस. तुजा काय खरा?"

बोलणं रास्त होतं. मी निमूटपणे तिच्याबरोबर शेंगा तोडायला लागले. पाटी भरत आली तेव्हा ती आपणहून बोलली. आमच्याकडे तेव्हा दिवसाचे आठ तास लोडशेडिंग. पेशींच्या कपाटापुरता जनरेटर, शुद्ध पाणी करायचं यंत्र बंद. म्हणून महिनाभर त्या रिकाम्या बाटलीत बोअरचं पाणी साठवलं होतं. ते पाणी दिसायला निवळ, पण भांड्याला काळा थर धरतं आणि साबणाने तो हलत नाही. वाडीवर हंड्याचा असा थर बायका चिंचेच्या कोळाने काढतात. मावशीने तेच केलं. रात्रभर कोळ ठेवला, सकाळी थर सुटला. पण वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. एकदाच विसळून तिने बाटली जागेवर ठेवली, आणि वीज आल्यावर मी तिच्यातच शुद्ध पाणी भरलं.

"काली बाटली तुमाला कशी देऊ? मना लाज वाटली," ती म्हणाली.

काळा थर म्हणजे मँगनीज! दगडासारखा चिकटलेला तो धातू चिंचेच्या आंबटाने सुटून पाण्यात उतरला होता. मी मावशीला मिठीच मारली, पाटी लवंडली आणि शिव्या खाल्ल्या.

केंद्रावर येऊन शुद्ध पाण्याच्या बशा मांडल्या. एकीत किंचित लोह, कारण बोअरच्या पाण्यात तेही असतं, एकीत नुसती चिंच, एकीत किंचित मँगनीज, आणि सगळ्यांवर विष. लोहाच्या पेशी मेल्या. चिंचेच्या मेल्या. मँगनीजच्या जगल्या! विषाला ठाण्यावर घेऊन जाणारं एक प्रथिन असतं, ते सरांनी लाल रंगवून पाहिलं, तर तेही ठाण्यावरून गायब. मितभाषी वैशंपायन सर "अगं! अगं! अगं!" करत खुर्चीभोवती फिरले.

"मावशीला बोलवा," मी म्हणाले.

"नियम मोडला होता त्यांनी."

"मोडला. मग वहीत काय लिहू, थर देवाने काढला?"

सर स्वतः जीप घेऊन वाडीवर गेले.

मावशी आली. तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवून मी सांगितलं, "जत्रेतनं घरी निघालेला बैल असतो ना, तसं ते प्रथिन. विष त्याची शेपटी धरून आत येतं. तुझ्या काळ्या थरातलं मँगनीज बैलालाच कोंडवाड्यात वळवतं. बैल घरी नाय, तर विष पण घरी नाय."

"मंग आमचा पानी प्यालं का हगवण नाय व्हनार?"

"तसं नाय गो. पाण्यात ते थोडं असतं, आणि जास्त पोटात गेलं तर मेंदूला मारक. औषध व्हायचं तर लय वर्षं जातील."

तिने भिंगाला डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"ह्या जित्या हायत?"

"जित्या."

"मंग मना कशाला काढलाव?"

सर बुटांकडे बघायला लागले. "माझं चुकलं," मी पुटपुटले.

"काय?" तिने डोळा हलवला नाही.

दारात शिपाई होता, ड्रायव्हर होता, त्या दिवशी व्हरांड्यात होते तेवढे सगळे होते. मी त्या दिवशीच्याच आवाजात ओरडले, "माझं चुकलं, मावशी!"

"आता आयकू आला," ती म्हणाली आणि पुन्हा पेशी बघू लागली.